पिंट्याला 'तू' कोण म्हणणार?

"पुढच्या रविवारपासून मला धरू नकोस. मुलं गुणी आहेत, तक्रार काही नाही. मी बसलो की त्यांचा खेळ अडखळतो, एवढंच."

ऑक्टोबरातल्या एका सोमवारी सकाळी सहाच्या सुमाराला हा मेसेज आला. पाठवणारे गृहस्थ ५५ वर्षांचे. कोथरूडमधल्या आमच्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या (एकेक पात्र घेऊन, फासे टाकत गोष्ट खेळायची, असा हा खेळ) टेबलावर ते जुलैपासून खेळत होते. बाकीचे चौघे खेळाडू २३ ते २७ वयाचे. मी डीएम, म्हणजे डंजन मास्टर: गोष्ट चालवायची, राक्षसापासून खानावळवाल्यापर्यंत सगळी सोंगं काढायची, आणि कुणी हुज्जत घातली की नियमाचं पुस्तक उघडायचं. वय ३८. या पोरांना मी 'दादा'.

हे प्रकरण लिहून काढतोय, कारण यात मी एकदा नाही, दोनदा चुकलो. शिवाय नव्वदच्या दशकात परदेशात हा खेळ शिकलेली आणि आता इथे पुन्हा टेबल शोधणारी माणसं अधूनमधून भेटतात, तेव्हा दुसऱ्या कुणाला उपयोग होईल. नावं घेणार नाही. खेळाडूंना त्यांच्या पात्रांवरून ओळखू: पॅलाडिन (धर्मयोद्धा), विझर्ड (जादूगार), क्लेरिक (जखमा बऱ्या करणारा पुजारी) आणि बार्ड (जादू येणारा गवय्या). गृहस्थांना काका. त्यांचं पात्र होतं रोग, म्हणजे चोर. (हा शब्द देवनागरीत लिहिला की वैद्यकीय वाटतो. नव्या माणसाच्या पहिल्या सेशनला हा विनोद होतोच, त्याला इलाज नाही.) या चोराचं नाव पिंट्या, वय १९.

काका आणि टेबल

काका १९९२ साली एमएस करायला अमेरिकेला गेले. तिथल्या रूममेटने पहिल्याच हिवाळ्यात त्यांना तळघरातल्या टेबलावर नेऊन बसवलं. तेव्हा नियमांची १९८९ची दुसरी आवृत्ती चालायची. पुढे नोकरी, तेच मित्र, शुक्रवारची रात्र. २००४ला पुण्यात परतले तेव्हा सामानात आदल्या वर्षी निघालेलं 'साडेतीन' (३.५) आवृत्तीचं खेळाडूंचं पुस्तक होतं आणि एका कापडी पिशवीत फासे. इथे खेळायला कुणीच नव्हतं. वीस वर्षं पुस्तक माळ्यावर पडलं. मग ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने सहज सांगितलं की आमचा मुलगा रविवारी काहीतरी फासे टाकत बसतो. तो मुलगा म्हणजे आमचा बार्ड.

आता इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: काका टेबलावर आले तेच 'बाबांच्या ऑफिसातले काका' म्हणून.

ते फासे मात्र बघण्यासारखे. रूममेटच्या १९८३च्या लाल खोक्यातले. त्या खोक्यात आकडे न रंगवलेले फासे यायचे आणि सोबत मेणाचा खडू. आकड्याच्या खाचेत खडू घासायचा, वरचं पुसून काढायचं, खाचेत उरतं तेवढं वाचायचं. काकांच्या वीस बाजूंच्या फाशाचे कोपरे गोटीसारखे झालेत आणि ७ मधलं मेण कधीचं उडून गेलंय. आकडा दिसला नाही की सात पडला असं समजायचं.

बाकीच्या चौघांचा रस्ता वेगळा. क्लेरिक आणि विझर्ड २०२०च्या लॉकडाऊनमध्ये डिस्कॉर्ड या चॅट ॲपवर शिकले. पॅलाडिनने आधी 'क्रिटिकल रोल' (लोक हाच खेळ खेळतात तो ऑनलाइन कार्यक्रम) तासन् तास बघितला, मग फासे घेतले. बार्ड २०२३ साली 'बाल्डर्स गेट ३' हा कॉम्प्युटर गेम खेळून आला. सुरुवातीला त्याला वाटायचं की प्रत्येक संवादाला तीन पर्याय असतात आणि त्यातला एक निवडायचा असतो. सगळ्यांना माहीत असलेले नियम २०१४च्या पाचव्या आवृत्तीचे.

खेळ छापून बाजारात आला तो १९७४च्या जानेवारीत. म्हणजे आमच्या टेबलावर बसलेल्या प्रत्येकापेक्षा खेळ वयाने मोठा, फक्त काका त्याच्यापेक्षा मोठे. तो रचणाऱ्या दोघांपैकी गॅरी गायगॅक्स तेव्हा ३५ वर्षांचे, पोराबाळांचे बाप, आणि डेव्ह आर्नेसन २६चे. गायगॅक्सनी आपली अंधारकोठडी पहिल्यांदा खेळून बघितली ती घरातल्याच दोन मुलांबरोबर, एर्नी आणि एलिझ. बाप आणि पोरं एका टेबलावर, अशीच सुरुवात झालेली आहे. हे मला आधीपासून ठाऊक होतं, पण त्याचा आपल्या टेबलाशी काही संबंध असेल हे डोक्यात आलं नाही.

तीन महिन्यांत काय काय दिसत होतं

आम्ही माझ्या हॉलमध्ये सतरंजीवर बसायचो. नकाशा जमिनीवर, त्यावर मिनी (पात्रांच्या छोट्या मूर्ती), वातावरण यावं म्हणून ट्यूबलाइट बंद आणि एक पिवळा दिवा. काकांचे गुडघे बसू देत नाहीत, म्हणून ते सोफ्यावर. तिथून त्यांना नकाशावरचे चौकोन दिसत नसत आणि पिंट्याच्या मिनीपर्यंत हात पोचत नसे. मग क्लेरिक विचारायचा, "काका, तुमचा पिंट्या कुठे सरकवू?" कॅरॅक्टर शीट (पात्राचे गुण आणि सामान लिहायचा कागद) मी नेहमीचंच छापून दिलं होतं. ते वाचायला काका मोबाइलचा टॉर्च लावायचे आणि कुणाच्या डोळ्यांवर जाऊ नये म्हणून तळहाताचा आडोसा धरायचे. हे तीन महिने माझ्या समोर चाललं होतं. मी दर रविवारी बघितलं आणि दर रविवारी पुढच्या राक्षसाकडे वळलो.

दुसरं, काठी. पिंट्याच्या सामानात पहिल्या दिवसापासून दहा फुटी काठी, खिळे, खडू आणि मैद्याची पुरचुंडी. अंधाऱ्या बोळात शिरताना काका सांगायचे, "काठीने पुढची फरशी दाबतो. आवाज पोकळ येतो का? आता डावीकडची. बरं, मैदा फुंकतो, वाऱ्याने कुठे उडतो का बघू." त्यांच्या जुन्या डीएमकडे सापळा असाच शोधायचा असे. इथे विझर्ड घड्याळाकडे बघत म्हणायचा, "काका, तुम्ही फक्त परसेप्शन रोल केलात तरी चालेल." म्हणजे फासा टाका, सापळा दिसला की नाही ते आकडाच सांगेल. बोलणं अगदी अदबीचं, पण त्या अदबीनेच काठी खाली ठेवावी लागायची. चौथ्या-पाचव्या सेशनपासून काठी निघालीच नाही.

तिसरं, चिठ्ठ्या. इतरांना गुपचूप काही करायचं असलं की ते मला डिस्कॉर्डवर लिहितात. काका वहीचा कागद फाडून, चार घड्या घालून, चहाच्या कपाखालून माझ्याकडे सरकवत. सगळ्यांना मजा वाटायची. "सो क्यूट", असं पॅलाडिन एकदा म्हणाली. ५५ वर्षांच्या माणसाला क्यूट म्हणण्यात वाईट हेतू नव्हता, पण त्यानंतर चिठ्ठ्या कमी झाल्या.

चौथं मला फार उशिरा कळलं. आमच्या टेबलाच्या मधोमध एक्स-कार्ड असतं. जॉन स्टॅव्हरोपोलस यांनी काढलेली साधी युक्ती: गोष्टीत कुणाला नकोसं काही आलं की कार्डाला हात लावायचा, गोष्ट तिथून वळवायची, कारण विचारायचं नाही. काका आले त्याच्या आधी दोन वर्षं ते कार्ड तिथे आहे. पण नव्या माणसाला ते कशासाठी आहे, हे सांगायला मी विसरलो. काका तीन महिने समजत होते की 'टेबलावर एक वयस्क पुरुष आला' म्हणून पॅलाडिनने ते ठेवलंय.

आणि पाचवं, अंगठी. सप्टेंबरात एका सेशनला बार्डच्या लक्षात आलं की आपली जादूची अंगठी नाही. त्याने तमाशा केला, सगळ्यांच्या पिशव्या उपड्या करायला लावल्या. पॅलाडिनचीसुद्धा झडती घेतली, आणि ती तर सत्यवचनी. विझर्डशी तर वीस मिनिटं भांडण. पिंट्याची झडती घेतली नाही. टेबलावर एकमेव व्यावसायिक चोर, आणि त्याला सोडून सगळ्यांची झडती! मी डीएम, अंगठी कुठे आहे हे मला माहीत होतं. त्याबद्दल पुढे.

माझी दोन निदानं

मेसेज आल्यावर मी पहिलं निदान केलं: नियम. काकांच्या डोक्यात दुसरी आणि साडेतिसरी आवृत्ती घट्ट बसलीय, पाचवी नाही, म्हणून अडखळतात. याला पुरावाही होता. पहिल्या सेशनला ते 'थॅको' म्हणाले होते आणि सगळे हसले होते.

थॅको म्हणजे काय ते दोन ओळींत सांगतो. जुन्या खेळात चिलखत जितकं चांगलं तितका त्याचा आकडा कमी. थॅको म्हणजे शून्य चिलखतावर वार लागायला फाशावर हवा तो आकडा; पहिल्या पायरीच्या (लेव्हलच्या) योद्ध्याचा तो २०. समोरच्याचं चिलखत ३, तर विसातून तीन वजा, फाशावर १७ किंवा जास्त पडायला हवेत. चिलखत उणे दोन असेल तर? उणे उणे अधिक, म्हणजे २२; बसा बोंबलत. २०००च्या तिसऱ्या आवृत्तीने हे सरळ करून टाकलं, आकडा जितका मोठा तितकं चिलखत भारी. ज्या माणसाने दहा वर्षं ही उलटी वजाबाकी शुक्रवारी रात्री एक वाजता तोंडी केलीय, त्याला 'नियम झेपत नाहीत' असं मी ठरवलं. वर मोठ्या टायपात दोन पानांची 'सोपी नियमावली' छापून त्यांना घरी नेऊन दिली. काकूंनी चहा केला. काकांनी पानं चाळली, "अरे वा, छान केलंयस," म्हणाले आणि फ्रिजवरच्या बिलांच्या गठ्ठ्यात ठेवून दिली. निवृत्त हेडमास्तरांना पाढ्यांचं पुस्तक भेट दिल्यासारखं झालं ते. रस्त्यात गाडी चालवताना मला कळलं.

दुसरं निदान त्याहून वाईट, कारण ते यशस्वी झालं. म्हटलं, काकांना मान मिळायला हवा. दिवाळीच्या आधीच्या रविवारी त्यांना डीएम केलं. दुसरी आवृत्ती, पहिली पायरी, एकाच दिवसाचा खेळ. ते डायनिंग टेबलाच्या टोकाला पुठ्ठ्याचा आडोसा उभा करून बसले आणि अक्षरशः दहा वर्षांनी लहान झाले. विझर्डला तीन हिट पॉइंट (पात्राचा जीव मोजायचे अंक) आणि दिवसाला एक मंत्र. "एक? एकच?" तो तीनदा विचारत होता. शून्यावर आला की मेला, पुढे चर्चा नाही. दोन तासांत चारांपैकी तिघं मेली, त्यातला एक मांजरीने मारला. पोरं हसून हसून लोळली, फोटो टाकले, 'ओल्ड स्कूल काका' म्हणून गावभर सांगितलं.

पण त्यानंतर काय झालं? सगळे म्हणायला लागले, "काका, महिन्यातून एकदा तुम्हीच चालवा ना! जुन्या काळातलं सांगा ना!" परत येऊन पिंट्या खेळा, असं कुणीच म्हणालं नाही. मी त्यांना सोफ्यावरून उचलून शोकेसमध्ये ठेवलं होतं. काकांनीच ते बोलून दाखवलं. आम्ही वेताळ टेकडीवर सकाळी फिरायला गेलो होतो, तेव्हा एका बाकावर बसून म्हणाले, "तू मला पाहुणा केलंस रे. मला खेळायचं होतं."

रेकॉर्डिंग

सेशनचा गोषवारा लिहायला सोपं जावं म्हणून मी मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करतो, सगळ्यांना ठाऊक असतं. टेकडीवरून आल्यावर सप्टेंबरचं एक रेकॉर्डिंग लावलं. गोष्टीकडे लक्ष न देता फक्त कोण कुणाशी कसं बोलतं ते ऐकलं.

आमची भाषा मिसळ आहे. मारामारी इंग्रजीत, कारण नियम इंग्रजीत. पण पात्रं आपापसात बोलायला लागली, भांडायला लागली, की गाडी मराठीवर येते. आणि मराठीत तोंड उघडल्याबरोबर ठरवावं लागतं, समोरचा 'तू' की 'तुम्ही'.

रेकॉर्डिंगमध्ये पॅलाडिन क्लेरिकला म्हणते, "तू मागे थांब, गाढवा." क्लेरिक बार्डला, "गप ए, तुझ्यामुळे झालंय." विझर्डचं पात्र ३१२ वर्षांचा एल्फ (परीकथेतली दीर्घायुषी जात) आहे, तो सगळ्यांना 'बाळा' म्हणतो आणि हे सगळे त्याला अरे-तुरे करतात. मग आवाज बदलतो, एकदम नातेवाइकांसमोर बोलावं तसा. तोच ३१२ वर्षांचा एल्फ १९ वर्षांच्या चोराला विचारतो, "काका, तुम्ही जरा पुढे बघून याल का, प्लीज?"

पावणेतीन तासांत पिंट्याला एकदाही कुणी 'तू' म्हटलं नव्हतं. 'पिंट्या' अशी हाकसुद्धा नाही. "तुमचा पिंट्या काय करतोय?" बस. बाकीची पात्रं म्हणजे खेळाडू स्वतः, आणि पिंट्या म्हणजे काकांनी सोबत आणलेलं कुणीतरी.

एकदा हे कानाला लागलं, की बाकीचंही त्याच धाग्यात दिसायला लागलं. पिंट्याला ओरखडा आला तरी क्लेरिक सगळ्यांत आधी त्याला बरं करायचा. बार्ड, ज्याचा छंदच इतरांच्या थैल्या मारणं, त्याने पिंट्याच्या थैलीला कधी हात लावला नाही. योजना फसली तर खापर कुणावरही, पिंट्यावर नाही. कुणी दगा देणार नाही, चोरणार नाही, शिव्या घालणार नाही. मग या खेळात माणसाने करायचं काय? चौघांनी मिळून त्याला अत्यंत आदराने खेळाबाहेर ठेवलं होतं. मी पण त्यातलाच. माझा खानावळवालासुद्धा पिंट्याला "या, बसा" म्हणायचा, आणि बाकीच्यांना "काय पाहिजे रे?"

वय काकांच्या गुडघ्यांत होतं, डोळ्यांत होतं, मान्य. पण त्यांना म्हातारं करत होतं ते आमचं क्रियापद.

मग काय केलं

आधी सोप्या गोष्टी. सतरंजी गेली, डायनिंग टेबल आलं, ट्यूबलाइट लागली. शीट दुप्पट टायपात, आणि ते सगळ्यांनाच. गंमत म्हणजे विझर्ड म्हणाला, आधी मलाही नीट दिसत नव्हतं. एक्स-कार्डाबद्दल मी काकांची माफी मागितली. पॅलाडिनला ते कळलं तेव्हा ती पाच मिनिटं बोलली नाही, मग उठून चहा टाकायला गेली.

मग सगळ्यांना बसवून रेकॉर्डिंगमधली दहा मिनिटं ऐकवली. काकांच्या समोरच. मागाहून वाटलं की हे जरा क्रूर झालं, पण त्यांच्या पाठीमागे ऐकवणं जास्त वाईट झालं असतं. नियम केला: पात्र पात्राशी बोलताना सगळ्यांना 'तू'. चहाला उठलो की पुन्हा अहो-जाहो.

नियम करणं सोपं होतं. पॅलाडिन म्हणाली, "दादा, माझ्या तोंडातून निघतच नाही. माझ्या बाबांपेक्षा मोठे आहेत ते." दोन सेशन ती पिंट्याशी बोललीच नाही, 'तू' टाळायचा म्हणून. बार्डचं तर वेगळंच दुखणं. घरी बाबांना कळलं तर? एक रविवार आम्ही पूर्ण इंग्रजीत खेळून बघितलं. तिथे अडचण नव्हती, पण सगळे एकदम सभ्य आणि सपक झाले, जणू ऑफिसच्या मीटिंगला बसलेत. काकांचं इंग्रजी आमच्या सगळ्यांपेक्षा सफाईदार, तरी तेच आधी वैतागले. "पिंट्या सदाशिव पेठेतला आहे, त्याला हे येत नाही," म्हणाले.

म्हणजे नियमाने काम झालं नाही. झालं ते अपघाताने.

भूत

नोव्हेंबरअखेर. पात्रं पाचव्या पायरीवर. एका पडक्या वाड्यात मी भूत ठेवलं होतं. २०१४च्या पुस्तकातल्या भुताकडे एक वाईट खोड आहे: ते आपला भेसूर चेहरा दाखवतं. विस्डमचा (शहाणपणाचा) सेव्हिंग थ्रो, म्हणजे बचावासाठी टाकायचा फासा, १३ लागतात. चुकलात तर घाबरता. पाच किंवा जास्त अंकांनी चुकलात, तर वय वाढतं: चार बाजूंचा फासा टाकायचा, गुणिले दहा वर्षं.

बार्डला ४ पडले. चार बाजूंच्या फाशावर ३. पात्राचं वय २३, आता ५३.

"म्हणजे शीटवर काय बदलू?" त्याने विचारलं.

मी पुस्तक बघून सांगितलं, "काहीच नाही. केस पांढरे झाले." पाचव्या आवृत्तीत वयाने गुणांवर काही परिणाम होत नाही. सगळ्यांची जरा निराशाच झाली.

काकांनी खुर्चीला लावलेल्या पिशवीतून साडेतिसरी आवृत्ती काढली. पान शोधावं लागलं नाही. "आमच्या वेळी तक्ता असायचा," म्हणून पुस्तक बार्डसमोर फिरवलं. माणसासाठी ३५ म्हणजे मध्यमवय: ताकद, चपळाई, काटकपणा प्रत्येकी एकने कमी, बुद्धी, शहाणपण आणि करिष्मा प्रत्येकी एकने जास्त. ५३ म्हणजे म्हातारा: शरीराचे अजून दोन-दोन कमी, डोक्याचा अजून एक-एक जास्त. ७०ला त्याच्यापुढचं. (खेळ छापला तेव्हा गायगॅक्स या तक्त्याने बरोब्बर मध्यमवयात पडत होते. मी स्वतः तीन वर्षं आधीच तिथे पोचलोय.)

"५३ला म्हातारा?" बार्ड ओरडला. मग एकदम त्याला काय वाचतोय ते लक्षात आलं आणि त्याने काकांकडे बघितलं. टेबल चिडीचूप.

"मला जाऊन दोन वर्षं झाली," काका म्हणाले. "लिही. वजा तीन, वजा तीन, वजा तीन."

बार्डने पेन्सिलीने खोडून लिहायला सुरुवात केली. चपळाई १४ची ११. काटकपणा १२चा ९, पाच पायऱ्यांचे मिळून १० हिट पॉइंट गेले. तो कण्हत होता. मग करिष्म्याशी आला, १६चे १८. बार्डची सगळी जादू करिष्म्यावर चालते. "थांबा. माझे मंत्र स्ट्राँग झाले?"

"गुडघे गेले, तोंड चालायला लागलं," काका म्हणाले. "तक्ता बरोबर आहे."

एवढ्यात भुताची पुढची पाळी. वाड्याचा जिना कोसळतोय, सगळ्यांनी पळायचं. आणि काकांनी आवाज बदलला. पिंट्याचा आवाज, जो महिनाभर आम्ही ऐकला नव्हता, किनरा आणि आगाऊ. बार्डकडे हात पुढे करून म्हणाले, "अहो काका, सावकाश. हात द्या. तुम्ही जरा बसून येता का, प्लीज?"

अगदी विझर्डच्या चालीत, 'प्लीज'सकट.

बार्ड संतापून उभाच राहिला. "ए पिंट्या, गप रे! काका कुणाला म्हणतोस? तुझ्यायला!"

म्हणाला आणि स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला. काका टेबलावर डोकं टेकून हसत होते. चष्मा काढून पुसावा लागला. मी घाईघाईने एक्स-कार्डाकडे बघितलं, त्याच्याकडे कुणाचाही हात गेला नव्हता.

भुताने वाढवलेलं वय उतरवायचं तर चोवीस तासांत वरच्या दर्जाचा उपचारमंत्र लागतो, आणि क्लेरिकला तो नवव्या पायरीवर मिळतो. म्हणजे गावात कुणी मोठा पुजारी शोधा, पैसे मोजा. मी पुजारी ठेवला होता, पैसेही परवडणारे होते. बार्ड गेला नाही. त्याने तसंच ५३चं राहायचं ठरवलं. पिंट्या त्याला 'काका' म्हणतो, तो पिंट्याला 'कार्ट्या' म्हणतो. आणि पिंट्याची काठी परत निघाली, कारण आता 'म्हाताऱ्या'ला आधाराला लागते.

राहिलेलं

सगळं सुरळीत झालं असं मी लिहिणार नाही. पोरांची खरी मैत्री डिस्कॉर्डवर रात्री साडेबारानंतर चालते. काका दहाला झोपतात आणि सकाळी सहाला उठून रात्रीचे दीडशे मेसेज वाचतात, ज्यातले अर्धे विनोद मलाही कळत नाहीत. दर रविवारी त्यातलं काहीतरी टेबलावर येतं, चौघं हसतात, काका थांबतात. याच्यावर माझ्याकडे तोडगा नाही.

पॅलाडिन अजून 'तू' म्हणत नाही. पण जानेवारीत कधीतरी तिचं 'अहो काका'चं 'ए काका' झालं. मराठीत बाहेरच्या काकांना 'अहो' आणि सख्ख्या काकाला 'ए'. तिच्या कदाचित लक्षातही आलं नसेल. काकांच्या आलं, कारण त्यांनी माझ्याकडे बघून एक भुवई उचलली.

त्याच महिन्यात पिंट्या मेला. दलदलीतल्या लढाईत तो आणि बार्ड दोघंही शून्यावर आले. क्लेरिककडे एकच मंत्र शिल्लक. त्याने थोडा विचार केला आणि बार्डला उठवलं. सहा महिन्यांपूर्वी त्याने विचारही न करता पिंट्याला उठवलं असतं. आता पिंट्याचे डेथ सेव्ह, म्हणजे जगतो की मरतो ते ठरवणारे फासे. तीनदा दहाच्या खाली पडलं की संपलं. पहिला ६. दुसरा १४. तिसरा ९. चौथ्याला तो झिजलेला फासा टेबलभर गडगडला आणि काकूंनी दिलेल्या बाकरवडीच्या डब्याला टेकून थांबला. वरच्या बाजूला आकडाच दिसत नव्हता.

"सात," पॅलाडिन हळूच म्हणाली.

दोन मिनिटं कुणी बोललं नाही. मग बार्ड खाली वाकला (त्याचं ५३ वर्षांचं पात्र, कण्हत) आणि म्हणाला, "मी पिंट्याच्या खिशात हात घालतो."

"अरे, मेल्याला तरी सोड!" क्लेरिक.

"नाही. थैली. आणि बूटसुद्धा काढतो."

"कुठला आधी?" मी विचारलं.

"उजवा."

मी फाइल उघडली आणि ऑगस्टातली एक चार घड्यांची चिठ्ठी काढून त्याच्या हातात दिली. त्याने मोठ्याने वाचली: "पिंट्याने बार्डची अंगठी मारली. उजव्या बुटात ठेवली आहे. कुणाला सांगू नकोस."

चौघेही काकांकडे वळले. काका कोऱ्या शीटवर नव्या पात्राचं नाव लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, "पाच महिने वाट बघतोय, कुणीतरी झडती घेईल म्हणून."